अनुभव धागा: वायपर ब्लेडची निवड, बदल आणि दुखणी

समोरची काच नीट पुसली जात नसली की नवी ब्लेड आणायची आणि बसवायची, ही सगळ्यांची पद्धत. बरेचदा तेवढ्यानं भागतंही. पण नवी ब्लेड चार दिवसांत थडथडायला लागली, किंवा जुनी निघतच नसली, तर पुढं काय करायचं हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. ज्यांच्या हातात हे काम रोज असतं त्यांनी कृपया इथं सविस्तर लिहावं: मापं, कामाचा क्रम, काय बिघडतं आणि का. एकमेकांचं खोडलंत तरी चालेल, फक्त कारण द्या.

* * *

सुरुवात निदानापासून करतो. जुनी ब्लेड काढायच्या आधी काच ओली करून वायपर हळू वेगावर चालवा आणि आत बसून काचेवर काय उरतंय ते बघा.

प्रत्येक फेरीत एकाच जागी बारीक रेघ उमटत असेल तर रबराच्या धारेवर त्या जागी कचरा चिकटलाय किंवा धार फाटलीय. ओल्या फडक्यानं धार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसा. रेघ गेली तर कचरा होता. तिथंच राहिली तर रबर बदला. चार बोटं रुंद पट्टा कोरडा न होता तसाच राहत असेल तर तिथं रबर काचेला टेकतच नाही. फ्रेम वाकलीय, ब्लेडचा बाक काचेशी जुळत नाही किंवा आर्मची, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या दांडीची, स्प्रिंग ढिली पडलीय. पुसल्यावर धुरकट थर येऊन क्षण-दोन क्षणांत विरत असेल तर दोष काचेवरच्या तेलकटपणाचा आहे, नवी ब्लेड लावूनही तो तसाच येणार.

जाताना स्वच्छ आणि येताना घाण, हे चौथं लक्षण. ते समजायला रबर जवळून बघावं लागतं. धारेच्या जरा वर रबराला एक पातळ मान असते. ब्लेड डावीकडे चालली की धार उजवीकडे कलते, म्हणजे ती मागून फरफटत येते. फेरीच्या टोकाला ती पलटी खाते आणि उलट कलते. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी मान ताठ झाली की पलटी होत नाही. मग परतीच्या फेरीत धार फरफटत न येता पुढं रेटली जाते, काचेत अडकते, सुटते, पुन्हा अडकते. थडथड म्हणतात ती हीच. बोटानं धार दोन्ही बाजूंना कलवून बघा. एका बाजूला सहज आणि दुसऱ्या बाजूला नाखुशीनं जात असेल तर ते रबर संपलं.

* * *

मापाबद्दल. ब्लेडची लांबी रबराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजायची. बाजारात इंच आणि मिलिमीटर दोन्ही चालतात: १४ इंच म्हणजे ३५० मिमी, १६ म्हणजे ४००, १८ म्हणजे ४५०, असं दर २ इंचांना ५० वाढवत २६ इंच म्हणजे ६५० पर्यंत जा. व्यवहारात एवढं पुरतं. ड्रायव्हरची आणि शेजारची ब्लेड बहुतेक गाड्यांत वेगवेगळ्या लांबीची असते. दोन्ही मोजा. आधीच्या मालकानं चुकीचं माप लावलेलं असू शकतं, म्हणून गाडीच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण धरा.

ठरलेल्या मापापेक्षा लांब ब्लेड कधीही घेऊ नका. ‘एक इंच जास्त घेतली तर जास्त काच पुसेल’ हा हिशोब चुकीचा आहे. कडेला काचेचा बाक वाढतो, त्यामुळे जादा टोक अधांतरी राहतं. शिवाय ब्लेड काचेच्या कडेच्या खांबावर आपटते किंवा शेजारच्या ब्लेडवर चढते, आणि मोटरवर भार येतो तो वेगळाच. नेमकं माप मिळत नसेल तर एक इंच आखूड चालेल.

* * *

प्रकार तीन. जुनी फ्रेमची ब्लेड, जिच्यात धातूचे कमानीसारखे तुकडे रबराला ठरावीक ठिकाणी पकडतात. फ्लॅट ब्लेड, जिच्या रबरात बाक दिलेली स्प्रिंग स्टीलची पट्टी असते आणि दाब सगळ्या लांबीवर सारखा पसरतो. आणि हायब्रिड, म्हणजे फ्रेमच, पण प्लास्टिकच्या आवरणाखाली.

फ्लॅट ब्लेड वेगात हवेनं कमी उचलली जाते आणि थंडीत तिच्या सांध्यांत बर्फ साचत नाही, कारण सांधेच नसतात. पण तिच्या पट्टीचा बाक ठरावीक काचेसाठी असतो. ‘सगळ्या गाड्यांना चालते’ असं लिहिलेली ब्लेड फार गोल किंवा फार सपाट काचेवर टोकांना उचलली जाऊ शकते. बसवल्यावर आर्म खाली टेकवा आणि आतून, उजेडाच्या दिशेनं, रबर आणि काच यांच्यामधली रेघ बघा. टोकाला उजेडाची फट दिसली तर ती ब्लेड परत करा, वापरून ती बसेल अशी आशा धरू नका. जास्त बाकाच्या काचेवर चांगली फ्रेमची ब्लेड फ्लॅटपेक्षा सरस काम करते. तिला जुनाट समजून टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रबर नैसर्गिक असेल तर त्यावर बहुधा ग्रॅफाइटचा थर असतो, त्यानं घर्षण कमी होतं. सिलिकॉन रबर ऊन आणि ओझोन जास्त सोसतं, म्हणून टिकतं. गाडी कायम उघड्यावर उभी असेल तर सिलिकॉन घ्या.

* * *

सिलिकॉनबद्दल वर लिहिलंय त्याला एक जोड हवी. सिलिकॉन ब्लेड काचेवर पाणी न धरणारा पातळ थर सोडत जाते. काच आधी पूर्ण स्वच्छ नसेल तर तो थर ठिगळाठिगळांनी बसतो आणि ब्लेड थडथडते. काच स्वच्छ करायची तयारी नसेल तर साधं रबर घ्या आणि ६ महिने ते वर्षभरात बदला. आणि कुठलीही ब्लेड घेताना पाकिटावर उत्पादनाची तारीख असेल तर ती बघा. दुकानात पडून पडून रबर म्हातारं होतं.

* * *

लांबी बरोबर आणि ब्लेड बसत नाही, ही तक्रार सर्रास येते. कारण अडकण, म्हणजे ब्लेड आर्मला जिथं अडकते तो जोड, वेगळी असते. आर्मचं टोक इंग्रजी जे अक्षरासारखं वळलेलं असेल तर ते हूक. हुकातही ९×३ आणि ९×४ असे दोन आकार आहेत: पट्टीची रुंदी ९ मिमी, जाडी ३ किंवा ४. जाड हुकासाठीचा अडॅप्टर (ब्लेडवरचा जोडतुकडा) पातळ हुकावर बसतो खरा, पण खेळतो, आणि दर फेरीला टक्‌ असा आवाज येतो. याशिवाय बाजूनं खुंटी असणारे, वरून बटण दाबून निघणारे (यात आर्मच्या टोकाच्या रुंदीप्रमाणे १६, १९ आणि २२ मिमी), दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबायचे, असे प्रकार आहेत. दुकानात जाण्याआधी आर्मच्या टोकाचा वरून आणि बाजूनं असे दोन फोटो काढा. वर्णनापेक्षा ते कामाला येतात.

* * *

हुकाची ब्लेड बदलायची रीत.

इग्निशन बंद करा, चावी काढा. वायपर बॉनेटच्या कडेखाली लपत असतील तर आर्म तसाच उचलू नका, बॉनेटचा रंग खरवडतो. अशा गाड्यांत इग्निशन बंद केल्यावर काही सेकंदांत वायपरचा लिव्हर दाबला की आर्म काचेच्या मध्यावर येऊन थांबतात, काहींत स्क्रीनवरच्या मेनूत ही सोय असते. पुस्तिकेत बघा.

आता काचेवर जाड टॉवेल दुमडून घाला. हे ऐच्छिक समजू नका. ब्लेड काढलेला आर्म हातातून सुटला तर स्प्रिंग त्याचं उघडं लोखंडी टोक काचेवर आपटते आणि काच तडकते.

आर्म उभा करा. ब्लेड आर्मला काटकोनात फिरवा. मधली क्लिप दाबून धरा आणि ब्लेड आर्मच्या बुडाकडे, म्हणजे खाली सरकवा. लोक ती वर ओढतात. वर ओढल्यानं हूक आणखी घट्ट बसतो आणि मग क्लिप तुटते. ब्लेड इंचभर खाली आली की हूक मोकळा होतो, मग तो ब्लेडच्या फटीतून बाहेर काढा. आर्म टॉवेलवर अलगद टेकवून ठेवा, उभा सोडून दुसऱ्या कामाला जाऊ नका.

नवी ब्लेड उलट क्रमानं. हुकात घालून वर ओढा, ‘खट्‌’ आवाज यायला हवा. नंतर दोन्ही दिशांनी ओढून खात्री करा. रबराच्या धारेवर प्लास्टिकचं आवरण असतं ते काढा. ‘नवी ब्लेड काहीच पुसत नाही’ म्हणून जी गाडी येते तिचं आवरण बरेचदा तसंच असतं. स्पॉयलर (हवेनं ब्लेड काचेवर दाबली जावी म्हणून असलेली पाकळी) एकाच बाजूला असेल तर तो आर्मवर कुठल्या बाजूला हवा हे खोक्यावर बघा. उलटा बसला तर हवा ब्लेडला दाबण्याऐवजी उचलते. शेवटी काच ओली करून हळू वेगावर पाच-सहा फेऱ्या, आणि टोकं कुठं आपटत नाहीत ना हे बघा. कोरड्या काचेवर चाचणी नको.

* * *

फ्रेम शाबूत असेल तर फक्त रबर बदलता येतं. रिफिलच्या, म्हणजे नुसत्या नव्या रबराच्या, पायाची रुंदी मोजून घ्या, ६ आणि ८ मिमी हे नेहमीचे आकार. रबराच्या दोन्ही बाजूंना धातूच्या बारीक पट्ट्या असतात, त्या जुन्या रबरातून काढून नव्यात घालायच्या. पट्ट्यांचा बाक काचेकडे वळलेला हवा. उलट्या घातल्या तर ब्लेडचा मधला भाग दाबला जातो आणि टोकं उचलतात. रबराच्या एका टोकाला खाच असते, ती जुन्यात ज्या टोकाला होती त्याच टोकाला ठेवा. रबर सरकवताना फ्रेमच्या प्रत्येक नखात (रबर पकडणाऱ्या आकड्यात) ते गेलंय का ते मोजून बघा. एक नख जरी चुकलं तरी ते काचेवर घासत जातं आणि गोलाकार ओरखडा पडतो. तो ओरखडा कायमचा असतो.

* * *

नवी ब्लेड, स्वच्छ काच, तरीही थडथड, असं असेल तर आर्म बघा. ब्लेड काढा, आर्म टॉवेलवर टेकवा आणि हुकाची सपाट बाजू काचेला समांतर आहे का ते बाजूनं निरखा. थोडी तिरकी असली तरी रबर एका बाजूला कललेलं राहतं आणि पलटी खात नाही. गाडी धुताना कुणी आर्म वेडावाकडा ओढला की हे होतं. दोन पान्यांना फडकं गुंडाळून, एकानं आर्म धरून दुसऱ्यानं टोक हलकेच पिळायचं. काचेपासून दूर उचलून धरा, काचेवर टेकवून पिळू नका. एका वेळी अगदी थोडं, मग ब्लेड लावून चाचणी.

दाब मोजायचा असेल तर आर्मच्या टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा लावून काचेपासून सरळ बाहेर ओढा आणि ब्लेड उचलली जाते तेव्हाचा आकडा वाचा. ब्लेडच्या दर सेंटीमीटरला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे ६०० मिमीच्या ब्लेडला ९०० ग्रॅमच्या आसपास. यापेक्षा बराच कमी आला तर आधी आर्मच्या बिजागरीत तेलाचे थेंब सोडून आर्म वर-खाली हलवा. गंजलेली बिजागरी स्प्रिंगचा जोर खाते. तरी फरक नसेल तर आर्मच बदला.

* * *

काचेबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. साबणाच्या पाण्यानं काच धुवा, वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा. फडकं काळपट निघेल. पुसतच राहा, स्वच्छ निघेपर्यंत. मग बोटांची टोकं काचेवरून फिरवा. खरखर लागली तर क्ले बार (चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी), भरपूर पाण्यासोबत. क्षाराचे पांढरे डाग असतील तर पाण्यात पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर लावून धुऊन टाका. त्यानंही न जाणारे डाग सीरियम ऑक्साइडच्या पॉलिशनं निघतात: फेल्टचा पॅड, काच सतत ओली आणि थंड, एका वेळी लहान भाग. नखाला जाणवणारा ओरखडा मात्र यानं जात नाही. एकाच जागी घासत बसलात तर काचेला लहर येते आणि समोरचं दृश्य वाकडं दिसतं.

मशीनवर गाडी धुतल्यानंतर वॅक्सचा थर काचेवर येतो. ‘धुऊन आणली आणि वायपर ओरडायला लागले’ याचं कारण बहुधा तेच.

रबराला रॉकेल, डिझेल, पेट्रोल लावून ‘मऊ’ करणं कृपया थांबवा. रबर फुगतं, धार लाटेसारखी होते. पाणी, थोडा साबण, स्वच्छ फडकं, बस.

* * *

वॉशरची टाकी हा याच कामाचा भाग आहे. कोरड्या धुळीवर वायपर चालवला की रबराखाली वाळूचे कण फिरतात, आणि धार व काच दोन्ही जातात. आधी फवारा, मग वायपर. टाकीत कपड्यांचा साबण घालू नका, त्याचा चिकट थर काचेवर बसतो आणि जेट, म्हणजे फवाऱ्याची तोंडं, तुंबतात. तुंबलेला जेट बारीक सुईनं मोकळा करा. गोळी असलेला जेट त्याच सुईनं फिरवून धार काचेच्या मध्याच्या जरा वर पाडा, धावत्या गाडीत हवा ती खाली दाबते. टाकी रिकामी असताना पंप चालवत राहू नका, तो जळतो. पाणी गोठतं अशा ठिकाणी न गोठणारं वॉशर द्रावण हवंच, आणि काचेला चिकटून गोठलेला वायपर चालू करायचा नाही. रबर फाटतं किंवा मोटर जाते.

* * *

मागचा वायपर: ब्लेड बहुधा २५० ते ३५० मिमी, आर्म प्लास्टिकचा. समोरच्याइतका तो उचलला जात नाही, जोर केला तर बुडाशी मोडतो. उचलेल तेवढाच उचला, ब्लेड फिरवून काटकोनात आणा आणि क्लिपमधून सरळ ओढा.

* * *

मोटर फिरतेय आणि आर्म जागचा हलत नाही, किंवा अर्धवट फिरून थांबतो, तर बुडाची टोपी काढून नट तपासा. बहुतेक वेळा तो ढिला असतो. आर्म काढायचाच असेल तर आधी वायपर चालू करून लिव्हरनंच बंद करा, म्हणजे मोटर तिच्या मूळ जागी थांबते. मग ब्लेडच्या कडेनं काचेवर चिकटपट्टी लावा, ही परत बसवतानाची खूण. नट काढल्यावरही आर्म खालच्या खुंटाच्या दातऱ्यांवर घट्ट बसलेला असतो. गंज सोडवणारं तेल मारा आणि लहान पुलर (आर्म सरळ वर ओढून काढणारं हत्यार) वापरा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर टेकू काचेवर किंवा प्लास्टिकच्या जाळीवर येतो, आणि दोन्ही फुटतात. बसवण्याआधी दातरे तारेच्या ब्रशनं साफ करा. आर्मच्या आतले दातरे झिजून गुळगुळीत झाले असतील तर नट कितीही आवळला तरी आर्म पुन्हा घसरणार, तो बदलावाच लागतो. नट पुस्तिकेत दिलेल्या जोरानंच आवळा, पट्टी काढा, आणि ओल्या काचेवर आधी हळू, मग जोरात चालवून बघा. जोरात चालवल्यावरच ब्लेड खांबाला लागत असेल तर मोटरपासून आर्मपर्यंतच्या दांड्यांचे गोळीचे सांधे झिजलेत. तिथं ब्लेड बदलून काही होणार नाही.