दम लागतो, पण रिपोर्ट नॉर्मल

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे टेन्शनच असणार," असं ताईंच्या दम लागण्याच्या प्रश्नावर वर दोघांनी लिहिलंय. टेन्शनने दम लागतो हे खरं, पण आधी बाकीचं नीट तपासायला हवं. आमच्या आण्णांनाही दीड वर्ष हेच ऐकवलं जात होतं. ईसीजी, एक्स-रे, हिमोग्लोबिन सगळं ठीक. खुर्चीत बसवून बोटाला ऑक्सिमीटर लावला की रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्के, म्हणजे ठीक. आणि घरी मात्र माडीचा जिना चढून आले की कठडा धरून उभे, तोंडातून शब्द फुटायचा नाही. बघवत नव्हतं.

शेवटी कोल्हापुरातल्याच एका छातीच्या डॉक्टरांनी त्यांना ऑक्सिमीटर लावूनच कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवलं. चौथ्या मिनिटाला आकडा ८८! मग विचारलं, दिवसभर काय करता? आण्णा गुऱ्हाळावर. पावसात भिजलेला चिपाडाचा, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाचा, ढीग उपसून चुलवाणाकडे (गुळाच्या मोठ्या चुलीकडे) द्यायचा, तेव्हा पांढुरकी धूळ उडायची. अशा कुजक्या चिपाडात वाढणाऱ्या जंतूंची फुप्फुसाला ॲलर्जी होते, बगॅसोसिस म्हणतात. साध्या एक्स-रेत न दिसलेलं एचआरसीटीत (फुप्फुसाच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये) दिसलं. धूळ बंद केल्यावर बराच फरक पडला, तरी जोतिबाच्या पायऱ्या अजून थांबत थांबतच चढतात. ताई, तुम्हीही ही चालण्याची तपासणी मागून घ्या. आणि घराजवळ गुऱ्हाळ, कबुतरं, ओल धरलेली भिंत असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा.