मदत हवी आहे : ए३२० टाईप रेटिंगच्या आधी घरच्या सिमवर सराव करावा का? आणि मोशन प्लॅटफॉर्मवर पैसे घालू का?

नमस्कार मंडळी,

धागा जरा मोठा झालाय, पण ज्यांनी खऱ्या फुल मोशन सिमवर (विमानासारखी हलणारी केबिन असलेल्या सिम्युलेटरवर) ट्रेनिंग केलंय त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा, कारण प्रश्न पैशाचा आहे आणि त्याहून जास्त भाच्याच्या ट्रेनिंगचा आहे.

भाच्याचं सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) झालं, डीजीसीएला (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) लागणारे २०० तास पूर्ण, आता एअरबस ए३२० चं टाईप रेटिंग, म्हणजे ते ठराविक विमान उडवायची परवानगी. मधे थोडे महिने मोकळे आहेत. माझ्याकडे घरी बऱ्यापैकी सेटअप आहे, एमएसएफएस २०२० (मायक्रोसॉफ्टचा फ्लाईट सिम्युलेटर) वर फेनिक्स कंपनीचं ए३२०, एअरबसवाली साईडस्टिक (बाजूला बसवलेली विमान वळवायची दांडी), थ्रॉटल, साधे पेडल आणि समोर एक मोठा मॉनिटर. तो म्हणतोय मामा मी तुझ्याकडे येऊन बसतो रोज. मला आनंदच आहे, पण घरच्या सिमने हाताला नको त्या सवयी लागल्या आणि तिकडे जाऊन त्या मोडण्यातच त्याचे महागडे तास गेले तर काय करायचं? दुसरं म्हणजे मी सीटखाली बसवायचा मोशन प्लॅटफॉर्म घ्यायच्या विचारात आहे, कोटेशन अडीच लाखाच्या आसपास आलंय.

हे विचारायचं कारण असं की मधे ओळखीतून मला एका ट्रेनिंग सेंटरला ए३२० च्या लेव्हल डी (सगळ्यात वरच्या दर्जाच्या) सिममध्ये रात्रीचा रिकामा स्लॉट मिळाला (ही मशिनं चोवीस तास चालू असतात, दिवसाचे स्लॉट एअरलाईनवाले सोडत नाहीत). तेव्हापासून डोक्यात हाच विचार चालू आहे की नक्की फरक कशात आहे.

आत गेलो, मागचा पूल वर उचलला गेला, इन्स्ट्रक्टरने पट्टे बांधायला सांगितले आणि मोशन ऑन केलं तेव्हा केबिन अलगद वर आली, एवढंच. टॅक्सी सुरू केली आणि नोजव्हील सेंटरलाईनच्या दिव्यांवरून जायला लागलं तसं पायाखाली ठक ठक ठक. इन्स्ट्रक्टर म्हणाले जरा बाजूला घ्या, दिव्यांवर चालवू नका. घरी मी ते दिवे एवढी वर्षं नुसते बघत आलोय.

टेकऑफला पाठ सीटमध्ये दाबली जाते ते मात्र भन्नाट. केबिन तर सहा पायांवर जागच्या जागी उभी आहे, ती पुढे जाणार कुठे, तर ती मागे कलते आणि खिडकीबाहेरचं चित्र केबिनला जोडलेलं असल्यामुळे तेही बरोबर कलतं, म्हणून डोळ्यांना रनवे सरळच दिसतो आणि आपलंच वजन पाठीवर आलं की मेंदूला वाटतं वेग वाढतोय. नंतर कानाला पत्ता लागणार नाही इतक्या हळू ती परत मध्यावर येते, म्हणजे पुढच्या धक्क्याला पाय मोकळे. मला हे वाचून माहीत होतं, तरी बसल्यावर एक क्षणही आपण कलतोय असं वाटलं नाही.

मग त्यांनी व्ही१ नंतर (ज्या वेगापुढे टेकऑफ थांबवत नाहीत तो) एक इंजिन बंद केलं. घरी काय होतं, नाक वळताना स्क्रीनवर दिसतं आणि मग पाय जातो. इथे कंबरेला बाजूने ढकलल्यासारखं झालं आणि डोळ्यांनी काही टिपायच्या आत पाय पेडलवर गेलेला, आणि पेडलही घरच्यापेक्षा कितीतरी जड, पाय थरथरायला लागतो धरून धरून.

लँडिंगचं मात्र वेगळंच. मी मुद्दाम विनंती करून एक लँडिंग मोशन बंद ठेवून केलं, आणि खरं सांगतो, फ्लेअरमध्ये (टेकायच्या आधी नाक वर उचलतात तेव्हा) मला फारसा फरक जाणवला नाही! तिथे जो फरक होता तो बाहेरच्या चित्राचा. ते चित्र मोठ्या वक्र आरशातून येतं, त्यामुळे ते काचेवर चिकटवल्यासारखं न दिसता खरोखर लांब दिसतं, डोकं डावीउजवीकडे हलवलं तरी रनवे जागेवर, आणि बाजूच्या खिडकीतून जमीन वर येताना डोळ्याच्या कोपऱ्यात कळत राहते. घरी मी रेडिओ अल्टिमीटर जमिनीपासूनची उंची फुटात बोलतो त्या आवाजावर फ्लेअर करतो, ५०, ४०, ३०. तिथे नजर आपोआप रनवेच्या टोकाला गेली.

तर प्रश्न असे. घरी भाच्याने नक्की काय घोटवावं आणि कशाला हातही लावू नये? मोशन प्लॅटफॉर्मचा त्याला खरंच उपयोग आहे का, की ते पैसे पेडल आणि डिस्प्लेवर घालू? आणि विमान एअरबसच असल्याने काही वेगळी काळजी घ्यायला हवी का? घरचे तास कुठे धरत नाहीत ते माहीत आहे, त्याची अपेक्षाही नाही, पोरगं तयारीने जावं एवढंच.

प्रतिसाद :

काका, मी ए३२० वर फर्स्ट ऑफिसर आहे, टाईप रेटिंगच्या आधी मीही घरी सिम उडवायचो. सगळ्यात आधी खुर्ची बदला. तुमचा सेटअप कॅप्टनचा असणार, डाव्या हातात स्टिक आणि उजव्यात थ्रस्ट लिव्हर (इंजिनाचा जोर कमीजास्त करायचे दांडे). भाचा उजव्या सीटवर बसणार, त्याचा उजवा हात स्टिकवर आणि डावा लिव्हरवर. सवय लागायची तर हीच लागू दे.

एअरबसबाबत तुमचं नशीब चांगलं आहे, खऱ्या साईडस्टिकलाही स्प्रिंगच असते, विमानाचा जोर हातात येत नाही, आणि नॉर्मल लॉमध्ये (संगणक नेहमीच्या पद्धतीत चालू असताना) ट्रिम, म्हणजे विमान तोलात ठेवणं, आपोआप होतं. ऑटोथ्रस्टवर (इंजिनाचा जोर संगणक सांभाळतो तेव्हा) लिव्हर क्लाईम्ब डिटेंट नावाच्या खाचेतच राहतात, हलत नाहीत. म्हणजे घरचं सामान खऱ्याच्या बरंच जवळ जातं. ७३७ असतं तर वेगळं, तिथे कॉलमचा (पायलटच्या पुढ्यातल्या योकच्या दांड्याचा) जोर ट्रिमने काढायचा असतो आणि ऑटोथ्रॉटलवर लिव्हर स्वतः हलतात, ते साध्या स्प्रिंगच्या योकवर जमत नाही.

घोटवायचं म्हणाल तर कॉकपिट प्रिपरेशनचे फ्लो (ठरलेल्या क्रमाने बटणांवर हात फिरवणं), एमसीडीयू (उड्डाणाची माहिती टाकायचा कीपॅड) भरणं, एफएमए (ऑटोपायलट कुठल्या मोडमध्ये आहे ते दाखवणारी ओळ) मोठ्याने वाचणं, कॉलआऊट (ठरलेल्या वेळी मोठ्याने म्हणायचे शब्द). ट्रेनिंग सेंटरचे एसओपी (कामाच्या ठरलेल्या पद्धती) हातात आले की फक्त तेच, यूट्यूबवरचे नाहीत. पॉझचं बटण काढूनच टाका, घरी प्रॉब्लेम आला की लोक पॉझ करून मॅन्युअल उघडतात. भिंतीवर कॉकपिटचं मोठं पोस्टर लावा आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून हात फिरवू दे त्याला, स्वस्त आहे आणि आम्ही सगळ्यांनी केलंय.

फ्लेअर आणि इंजिन फेल्युअरचे हात घरी बसवू नका. ५० फुटाला विमान फ्लेअर मोडमध्ये जातं, ३० फुटापासून स्वतःच हळूहळू नाक खाली करायला लागतं म्हणून आपण मागे ओढतो, ते किती ओढायचं हे खऱ्या व्हिज्युअलवरच कळतं. इंजिन गेल्यावरचे कॉल आणि ईसीएएमची (बिघाड आणि त्यावर काय करायचं ते दाखवणारा स्क्रीन) शिस्त घरी करा, पायाचं काम तिकडे.

मोशन त्याच्यासाठी घेऊ नका.

प्रतिसाद :

माझ्याकडे तसला सीटखालचा प्लॅटफॉर्म आहे. सीट कलते आणि मॉनिटर टेबलावर स्थिर, त्यामुळे डोळे एक सांगतात आणि कान दुसरं. मला अर्ध्या तासात मळमळतं. तुम्ही वर लिहिलंय ना चित्र केबिनबरोबर कलतं, सगळी मेख तिथेच आहे. बाकी मोशनची हौस जुनी आहे, एडविन लिंक या अमेरिकन माणसाने वडिलांच्या ऑर्गन वाद्याच्या कारखान्यात शिकला ते भात्यांचं तंत्र वापरून १९२९ मध्ये आपला पहिला पायलट ट्रेनर बनवला, तो त्या भात्यांवरच कलायचा. स्वतःच्या आनंदासाठी घेणार असाल तर जरूर घ्या, शिकण्यासाठी नको.

धागाकर्ता :

दोघांचे मनापासून आभार. उजव्या सीटचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता आणि भाचा इतके महिने उलट्या हातांनी बसला असता! प्लॅटफॉर्मवाल्याला आत्ताच नाही कळवलं. पोस्टर या आठवड्यात छापून घेतो, पॉझचं बटण काढतो, एसओपी मिळेपर्यंत एमसीडीयू आणि फ्लो चालू करतो.

आता पेडल. माझ्या पेडलची स्प्रिंग फारच हलकी आहे, पाय नुसता ठेवला तरी दाबली जातात. स्प्रिंग बदलून किंवा डँपर लावून ती जड करता येतात का, का सरळ नवीन घ्यावीत? आणि उजव्या बाजूला स्टिक बसवायला कन्सोल करून घ्यायचाय, आर्मरेस्टची उंची खऱ्यासारखी कमीजास्त करता यायला हवी. पुण्यात असं फॅब्रिकेशन कोणी करून घेतलं असेल तर मापं आणि फोटो टाका प्लीज, भाचा पुढच्या रविवारी येतोय.