गार्ड वाढवण्याआधी गार्डला कळवा

कंपनीच्या गेटवर दोन धिप्पाड गार्ड वाढवले की मारामाऱ्या थांबतील, असं काही जण म्हणतात. मला पटत नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे एमआयडीसीत पाळीने काम करतो. कोण पिऊन आलाय, कोण सुपरवायझरच्या नावाने धुमसतोय, हे एचआरच्या आधी गेटवरच्या माणसाला कळतं. पण त्याला विचारतं कोण? एखाद्याला कामावरून काढलं तरी गार्डला पत्ता नसतो. दुसऱ्या दिवशी तोच ओळखीचा म्हणून सरळ आत येतो. ही नोंद गेटवर त्याच दिवशी हवी.

आमच्या गेटवर दापोलीकडचे एक काका गार्ड आहेत. आवाज चढवणाऱ्याला ते घोळक्यातून बाजूला घेतात, दोन हात लांब उभे राहतात, त्याची वाट अडवत नाहीत. "बस, पाणी घे, काय झालं सांग." निम्मा राग तिथेच उतरतो. कोयता दिसला तर मात्र झटापट नको; लोकांना लांब करायचं आणि 112 लावायचा.

2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याने गार्डचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, ठेकेदाराकडे पुरावा मागा. आणि दुसरी पाळी सुटल्यावर बायका अंधारात वडापची (शेअर जीपची) वाट बघतात, तिथवर गार्डची फेरी हवीच.