मदत हवी आहे: मोडी लिपीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची रचना कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मी मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांची लिपी, शिकवतो, आजवर समोरासमोर बसवूनच. आता बाहेरगावाहून आणि परदेशातूनही विचारणा होते, म्हणून ऑनलाइन अभ्यासक्रम करायला घेतलाय. अडलोय ते रचनेवर.

एक वाट रुळलेली आहे: मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं, शब्द आणि शेवटी जुना कागद. 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर असतात तसे व्हिडिओ, वाचन, स्वाध्याय आणि चर्चा हे चारही भाग त्यात नीट बसतात. पण बाराखडी घोटताना वर्गात शेजारच्याची सोबत असते. घरी एकटा बसलेला माणूस तिथेच गळेल अशी भीती वाटते.

दुसरी वाट अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ विगिन्स आणि मॅकटाय यांनी १९९८ मध्ये मांडलेली, उलट्या क्रमाची. शेवटी काय जमलं पाहिजे ते आधी ठरवायचं, ते जमलं हे कशावरून ओळखायचं ते मग, आणि धडे त्यानंतर. माझं उद्दिष्ट पक्कं आहे: पेशवेकाळातलं एखादं साधं पत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचता यावं. मग पहिल्याच दिवशी पत्र का दाखवू नये? मायना बराचसा ठरलेला असतो. 'राजश्री', 'गोसावी यांसी', 'विनंती उपरी' एवढं ओळखू आलं की कितीतरी अक्षरं नजरेत बसतात, आणि खरा कागद वाचल्याचा आनंद पहिल्या दिवशीच मिळतो. मन इकडे ओढ घेतंय.

शंका एकच. मोडीत आधी रेघ ओढतात आणि मग शक्यतो हात न उचलता लिहीत जातात. लिहिणारा बदलला की वळण बदलतं. फक्त नजरेने शिकलेला विद्यार्थी दुसऱ्या हाताचं पत्र आलं की अडणार नाही ना? असं कौशल्य कुणी ऑनलाइन शिकवलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

सर, पत्रापासूनच सुरुवात करा, पण रोज दोन ओळी लिहून त्यांचा फोटो पाठवायला लावा. स्लाइड टाळा, कॅमेरा वरून लावून चालता हात दाखवा. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंचा २०१४ चा अभ्यास आहे: सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक जास्त टिकून पाहतात, आणि हाताने लिहीत समजावलेलं स्लाइडपेक्षा जास्त धरून ठेवतं. तुमच्या शंकेसाठी एकच मायना तीन वेगवेगळ्या हातांचा शेजारी शेजारी ठेवा आणि दुसऱ्या आठवड्यातच वाचायला द्या. सोबतीसाठी शनिवारी संध्याकाळी सगळ्यांचं एकत्र वाचन ठेवा, अमेरिकेत तेव्हा सकाळ असते.