चौदाव्या धड्याचे नऊ प्रोजेक्ट, खरा कोणता? नावं आणि फोल्डर तुम्ही कसे लावता?

जलछटा:

नमस्कार मंडळी,

माझी ताई जलरंग शिकवते, तिच्या धड्यांचे व्हिडिओ मी एडिट करतो. हौसेचं काम, कुठे शिकलेलो नाही. दीड वर्षात ६३ प्रोजेक्ट साठलेत आणि आता माझं मलाच काही सापडेनासं झालंय.

छोटे व्हिडिओ मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये करतो. ते नव्या प्रोजेक्टला आपणहून महिना-तारखेचं नाव देतं: ०७१२. त्याच दिवशी दुसरा केला की ०७१२ (१), मग ०७१२ (२). वर्षाचा पत्ता नाही. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही.

मोठे धडे लॅपटॉपवर, प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये. तिथली नावं मीच दिलेली, म्हणजे दोषही माझाच. ताईने बदल सांगितला की मी ‘सेव्ह ॲज’ करून नवा प्रोजेक्ट करत गेलो. चौदाव्या धड्याचे (विषय ‘ओल्यावर ओलं’, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग) असे नऊ झालेत: ‘धडा १४’, ‘धडा १४ नवा’, ‘धडा १४ ताईला दाखवलेला’, ‘धडा १४ ताईला दाखवलेला बदलून’... एकाचं नाव नुसतंच ‘असू दे’.

मागच्या आठवड्यात ताई म्हणाली, १४ ची शेवटची पाटी बदलून दे. मी ‘नवा’ उघडला. आता उघडलाच आहे तर म्हणून दोन संध्याकाळी बसून रंग सारखे केले, सबटायटलं लावली. पाठवल्यावर पाच मिनिटांत तिचा फोन, “अरे, ब्रश पडल्याचा आवाज परत कुठून आला?” ४ मिनिटं १२ सेकंदांवर तिचा ब्रश टेबलावरून घरंगळून खाली पडतो. तो ‘ठक्’ मी कधीच काढून टाकला होता. पण दुसऱ्या कुठल्यातरी प्रोजेक्टात.

वैतागून आवराआवर काढली. ‘नवीन फोल्डर (३)’ चं नाव ‘धडा १४ शूटिंग’ केलं आणि प्रोजेक्ट उघडला, तर सगळीकडे लाल पडदा, ‘मीडिया ऑफलाइन’. आता कशालाच हात लावायची भीती वाटतेय. नाव नेमकं कुठे बदलायचं असतं? आणि नावं मराठीत ठेवली तर पुढे त्रास होतो का?

निवांत:

आधी ते लाल प्रकरण. फोल्डरला त्याचं जुनं नाव परत द्या, अगदी होतं तसं, कंसासकट आणि मधल्या स्पेससकट. मग प्रोजेक्ट उघडा. क्लिप कुठे गेलेल्या नाहीत, फक्त त्यांचा पत्ता चुकलाय. बाकीचं जाणकार सांगतीलच.

कात्रीबाई:

निवांत म्हणतात ते आजच करा. मी बारा वर्षं एडिटिंग करतेय आणि तुमचा तो ‘असू दे’ वाचून मोठ्याने हसले, कारण माझ्याकडेही एक होता.

प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो. कोणती क्लिप, कुठे ठेवलेली, कुठून कुठपर्यंत कापली, एवढीच नोंद असते. त्यामुळे प्रोजेक्टचं नाव बदललं तर क्लिपना काही होत नाही. क्लिप ज्या फोल्डरात आहेत त्याचं नाव बदललं की मात्र नोंदीतला पत्ता खोटा ठरतो. तुमचं तेच झालंय. फोल्डरला नवंच नाव हवं असेल तर ‘लिंक मीडिया’च्या खिडकीत एक क्लिप शोधून द्यायची आणि बाकीच्या आपोआप जोडण्याच्या चौकटीत खूण ठेवायची, फाइलींची नावं तीच असतील तर उरलेल्या सापडतात.

प्रीमियरमध्ये नाव बदलायला वेगळी सोय शोधू नका. प्रोजेक्ट बंद करा, फोल्डरात जाऊन नेहमीच्या फाइलसारखं नाव बदला, तिथूनच उघडा. अलीकडच्या प्रोजेक्टांच्या यादीत जुनं नाव काही दिवस दिसत राहील, त्यावर टिचकी मारली तर फाइल सापडणार नाही. तेव्हा छातीत धस्स होतं, पण बिघडलेलं काही नसतं. ऑटोसेव्हच्या प्रतींना मात्र तेव्हाचं नाव चिकटलेलं असतं: बदलाआधीच्या जुन्या नावाने, नंतरच्या नव्या. नाव बदलल्याची तारीख एका टेक्स्ट फाइलमध्ये टिपून ठेवते मी. (पुढेमागे दाविंची रिझॉल्व्ह हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर वापरलंत तर तिथे उलटं: प्रोजेक्ट डेटाबेसमध्ये राहतात, नाव त्यांच्या प्रोजेक्ट मॅनेजरमध्येच राइट क्लिक करून बदलायचं, डिस्कवरच्या फोल्डरांत हात घालायचा नाही.)

मोबाइलच्या ॲपमध्ये प्रोजेक्टशेजारच्या तीन टिंबांत ‘रीनेम’ असतं बघा. प्रोजेक्ट सुरू केल्या केल्याच नाव द्यायचं, नंतर देऊ म्हटलं की राहिलंच. आणि ते प्रोजेक्ट ॲपच्या पोटात असतात. ॲप काढून टाकलं की बहुतेक वेळा तेही जातात. तेव्हा नावं नीट लावली म्हणजे काम सुरक्षित झालं असं समजू नका.

पण तुमची खरी अडचण नावाची नाहीच. एका धड्याला नऊ प्रोजेक्ट कशाला? धडा एक, प्रोजेक्ट एक. ताईने बदल सांगितला की प्रोजेक्टच्या आतच सिक्वेन्सची (टाइमलाइनवर रचलेल्या व्हिडिओची) डुप्लिकेट प्रत बनवा, तिला पुढचा नंबर द्या आणि बदल तिच्यात करा. जुन्या सिक्वेन्स ‘जुने’ नावाच्या बिनमध्ये (प्रोजेक्टच्या आतल्या फोल्डरात) टाका. मग ब्रशचा आवाज कुठल्या प्रतीत काढला हे बघायला दोन टॅब शेजारी उघडले की झालं. ‘सेव्ह ॲज’ मी ठेवते ते मोठी उलथापालथ करण्याआधी.

नाव कसं? सहा महिन्यांनी तुम्ही काय शोधाल ते नावात घाला. ‘नवा’ असं कोणी शोधत नाही. तुमची ताई फोनवर काय म्हणते? “१४ मधली पाटी.” मग धडा क्रमांक पुढे, विषय मागे: ‘१४ ओल्यावर ओलं’. एकआकडी धड्यांना आधी शून्य, ०१, ०२, नाहीतर काही ठिकाणी १ नंतर १० येतो आणि २ खाली जाऊन बसतो. तारीख घालायचीच तर वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. दिवस आधी घातला की सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र येतात.

कॅमेऱ्याने फाइलींना दिलेली नावं मात्र बदलू नका, कितीही कुरूप दिसोत. त्यांत अर्थ असतो. गोप्रोचंच घ्या: लांब रेकॉर्डिंगचे तुकडे होतात, जीएच०१०१२३ आणि जीएच०२०१२३. पहिले दोन आकडे तुकड्याचे, शेवटचे चार रेकॉर्डिंगचे. म्हणजे १२३ क्रमांकाच्या रेकॉर्डिंगचा पहिला आणि दुसरा भाग. एकदा मी हौसेने या नावांच्या जागी ‘मुलाखत अ’, ‘मुलाखत ब’ केलं. पुढे बॅकअपमधल्या मूळ फाइलींशी जुळवताना एकेक क्लिप डोळ्यांनी ओळखत बसले होते, एक अख्खी रात्र गेली. क्लिपला समजेल असं नाव हवंच असेल तर प्रीमियरच्या प्रोजेक्ट पॅनेलमध्ये द्या. ते फक्त आतलं लेबल असतं, डिस्कवरच्या फाइलला धक्का लागत नाही.

बाइटमोजणी:

मराठी नावांबद्दल. आजच्या विंडोज, मॅक, अँड्रॉइड सगळीकडे चालतात. दोन गोष्टी सांभाळा.

पहिली लांबी. लिनक्स आणि अँड्रॉइडमध्ये एका नावाला साधारण २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. ‘जलरंग’ दिसायला चार अक्षरं, पण अनुस्वार धरून पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. विंडोज बाइट न मोजता चिन्हं मोजतं, त्यामुळे तिथे बसलेलं लांबलचक नाव फोनवर कॉपी होताना अडू शकतं. ८५ चिन्हांच्या आत राहा म्हणजे झालं. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याचीही जुनी २६० ची मर्यादा अनेक प्रोग्रॅम अजून पाळतात, तेव्हा फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असं खोल जाऊ नका.

दुसरी झिप. जुन्या सॉफ्टवेअरने केलेली झिप दुसरीकडे उघडली की मराठी नावांच्या जागी कधीकधी भलतीच चिन्हं दिसतात. म्हणून शूटिंगच्या फोल्डरांना मी साधी रोमन नावं ठेवतो, प्रोजेक्टना मराठी. आणि तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम (:) नावात घालू नका, विंडोज घेत नाही. तुमच्या ताईंच्या धड्याचं नाव ‘रंग का फाटतो?’ असेल तर तेवढं प्रश्नचिन्ह सोडावं लागेल.

कात्रीबाई:

झिपचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी सगळं मराठीत ठेवते, आजवर निभावलंय, पण शूटिंगचं तुमचं पटलं.

जलछटा:

सगळ्यांचे आभार. ‘नवीन फोल्डर (३)’ परत केलं आणि लाल पडदा गेला. तीनच क्लिप उरल्या होत्या, त्या मी आवराआवरीत डेस्कटॉपवर ओढल्या होत्या. त्या ‘लिंक मीडिया’ने दाखवून दिल्या.

मग काल रात्री नऊही प्रोजेक्ट एकेक करून उघडले. पाहायचं काही नव्हतंच, सरळ ४ मिनिटं १२ सेकंदांवर जायचं आणि कान लावायचा. ‘धडा १४’, ठक्. ‘ताईला दाखवलेला’, ठक्. ‘बदलून’, ठक्. आठांत ठक्.

‘असू दे’ मध्ये ब्रश खाली पडला आणि काहीच ऐकू आलं नाही. त्याचं नाव आता ‘१४ ओल्यावर ओलं’ आहे. पाटी बदलायची राहिलीच आहे, ती आज बदलतो.