देणगीचा कागद आधी भागधारकाला दिसू दे

‘कर भरला, पगार वेळेवर दिले की उद्योजकाचं लोकशाहीचं देणं फिटलं’ असं म्हणणारे भेटतात; मला ते अर्धंच पटतं. कंपनीनं राजकीय पक्षांना पैसे देताना ते कोणाचे, आणि कोणाला विचारून दिले, हा भाग त्यात येतच नाही.

१९५७ मध्ये टाटा स्टीलला राजकीय देणगी देता यावी म्हणून कंपनीच्या घटनापत्रात (कंपनीनं काय करायचं हे ठरवणाऱ्या मूळ दस्तऐवजात) बदल हवा होता. एका भागधारकानं हरकत घेतली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. तिथले मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी परवानगी दिली (कायद्यात मनाई नव्हती), पण अशा पैशानं पुढे लोकशाहीचाच गळा आवळला जाईल, संसदेनं याकडे बघावं, असंही निकालात बजावलं. १९६० मध्ये कायद्यात मर्यादा आली. २०१७ मध्ये आपण उलटे फिरलो: देणगीवर तेव्हा असलेली सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा गेली, नफा-तोटा पत्रकात पक्षाचं नाव सांगण्याची सक्तीही गेली. म्हणजे तोट्यातल्या कंपनीलाही निवडणूक रोखे (बँकेतून विकत घेऊन, नाव उघड न करता पक्षाला द्यायचे देणगीचे रोखे) घ्यायची मोकळीक! १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं रोख्यांबरोबर २०१७ चे हे बदलही रद्द केले.

माझ्याकडे दोन-चार कंपन्यांचे किरकोळ शेअर आहेत. वार्षिक अहवाल आला की मी आधी मागच्या टिपा चाळतो. देणगी इलेक्टोरल ट्रस्टमार्फत (कंपन्यांकडून देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थेमार्फत) गेली असेल तर तिथे फक्त ट्रस्टचं नाव असतं. पक्ष कोणता हे बघायला निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर त्या ट्रस्टचा अहवाल उघडावा लागतो. एवढी खटपट कोण करतो?