‘मी’ आणि भूतकाळ

निवेदक ‘मी’ असेल आणि काळ भूतकाळ, तर तो जगला हे आधीच कळतं, म्हणून विज्ञान-भयकथा वर्तमानकाळातच हवी, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. जेफ व्हँडरमीर यांची ‘अनायहिलेशन’ (२०१४) घ्या. सगळी कादंबरी एका निनावी जीवशास्त्रज्ञ बाईने लिहिलेली नोंद आहे. ती लिहिण्यापुरती तरी जगली, हे उघडच आहे. पण सुरुवातीलाच भिंतीवरच्या, बुरशीसारख्या सजीवाने बनलेल्या अक्षरांतले बीजाणू तिच्या श्वासात गेलेत आणि ते तिला आतून बदलतायत. मग हे लिहिणारी अजून तीच आहे का? त्यात काही गोष्टी आपण वाचकापासून लपवल्या, हे ती मागाहून कबूल करते. ही खरी दचकवणारी जागा! वर्तमानकाळात ती साधणं फार अवघड, कारण तिथे निवेदकाला मागे वळून पाहायला उसंतच नसते.